राणी विश्रांती घेत आहे

८ मे २००६, सोमवार

संपदाला स्टेशनवर सोडून आलो. सहा आठवडे ती पुण्याला आत्याकडे राहून कॉलेजचा प्रोजेक्ट करणार. तिच्या मुंग्या माझ्या ताब्यात. एक राणी, चौतीस कामकरी, अंडी साधारण वीस (बावीस). गेल्या पावसाळ्यात पंख गळालेली राणी तिला गच्चीवर सापडली होती. तेव्हापासून एकटीने सगळं वाढवलं.

आई आणि बाबा दोघंही घरात असताना तिने मला निवडलं. धाकटी बहीण असूनही पारख आहे.

व्यवस्था अशी. मिठाईचा पारदर्शक डबा. आत काचेची नळी, नळीच्या टोकाला पाणी, पाण्यापुढे कापूस. नळीवर संक्रांतीच्या उरलेल्या पतंगाचा लाल कागद, म्हणजे आत त्यांना अंधार वाटतो. डब्याच्या काठाला टाल्कम पावडर, म्हणजे चढून बाहेर येत नाहीत.

संपदाने सूचनांचा कागद दिला आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या, लाल पेनने दुरुस्त केल्या. पहिली सूचना : आठवड्यातून एकदाच बघ, लाल कागद उचलू नकोस. ही सर्वसाधारण माणसासाठी असावी.

९ मे, सकाळी ७.१०

निरीक्षण क्र. १. सर्व ठीक.

सकाळी ७.४०

निरीक्षण क्र. २. सर्व ठीक. कागद उचलला की राणी इकडून तिकडे पळते. चपळ आहे. प्रकृती उत्तम असल्याचं लक्षण.

११ मे

रजिस्टर आखलं. आठ रकाने. बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, राजनराव, बी. कॉम. दोनदा सोडलंत, टायपिंगच्या दुकानात अर्धा दिवस जाता, आता या मुंग्यांचे तरी पेपर पूर्ण द्या. उत्तर १८ जूनला मिळेल. त्या दिवशी संपदा येणार आहे.

१४ मे, रविवार

घरी आमरस. एकटं खाणं बरं वाटेना, म्हणून मुंग्यांनाही चमचाभर ठेवला. सूचनांत फक्त साखरपाण्याचा थेंब आणि मेलेली माशी लिहिलं आहे, पण रोज तेच कोण खाणार?

दुपारी ३. दोघी आमरसात गेल्या. काडीने बाहेर काढल्या, फुंकर घातली. उपयोग नाही. बत्तीस.

आई म्हणाली, जन्मभर मी मुंग्यांना डब्यातून बाहेर काढते आहे, तू पहिलाच डब्यात घालणारा.

संपदाचा फोन. सगळं उत्तम म्हणालो. आमरसाचं सांगितलं नाही. फोनचं बिल वाढलं असतं.

१७ मे

अंडी नाहीत. एकही नाही. काल सहा होती, परवा अकरा. कुठे जातात?

कारण उकाडा. बाहेर चव्वेचाळीस अंश. डबा कूलरसमोर हलवला. निरीक्षणं कमी पडत असावीत. आजपासून दर अर्ध्या तासाने. त्यासाठी दुकानातून सकाळची सुट्टी घेतली. मालक म्हणाले, दुपारी येतोस तेवढं बस्स, तेही नसलं तरी चालेल. प्रोत्साहन समजलो.

२० मे

खालच्या घरमालकीण पार्वतीजी रोज सकाळी अंगणातल्या वारुळापाशी मूठभर आटा आणि साखर टाकतात. मुंग्यांना असं खाऊ घालण्याला त्यांच्याकडे कीडीनगरा म्हणतात, पुण्यकर्म. त्यांच्या मुंग्या अंगणभर आहेत. वजन नाही, माप नाही, रजिस्टर नाही. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की मुंग्यांना प्रथिनंही लागतात. त्या म्हणाल्या, बेटा, आटा डालो और चले जाओ. खड़े मत रहो. कोई सिर पर खड़ा रहे तो तुमसे खाया जाता है क्या?

अशिक्षित पण प्रेमळ बाई.

२२ मे

लाइट गेली, आली. आली तेव्हा कूलरने पाण्याचा फवारा मारला. सहा बुडाल्या. सव्वीस. चूक वीज खात्याची. तरीही जेवलो नाही. (संध्याकाळी जेवलो.)

२४ मे, सकाळी ९

खूप विचार केला. रविवारपर्यंत बघायचंच नाही. डब्यावर झाकण, झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर माझी सही आणि तारीख. हा निर्णय पक्का.

सकाळी ९.२०

पट्टी नीट बसली आहे ना हे पाहायला पट्टी काढावी लागली. काढलीच आहे म्हणून कागदही उचलला. क्र. २३८.

२८ मे, रविवार

एकवीस. राणी कोपऱ्यात अंग चोरून बसली आहे. मी नळीवर वाकलो की थरथरते. की काच थरथरते?

संपदाचा फोन. किती झाल्या विचारलं. तोंडातून छत्तीस गेलं. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की आत्याने विचारलं काय झालं. म्हणाली, दादा, तू ग्रेट आहेस. असं मला यापूर्वी कुणी म्हटलेलं आठवत नाही.

छत्तीस हा आकडा खोटा नाही. उद्दिष्ट आहे.

३० मे

छत्तीस वजा एकवीस, पंधरा. साधं गणित. पार्वतीजी मंदिरात गेल्यावर भिंतीकडेच्या बिळापाशी गुळाचा खडा ठेवून पंधरा मुंग्या बाटलीत घेतल्या. तोच रंग, तीच उंची. त्यांच्या शेकडोंतल्या पंधरा. तरी जिना चढताना देवाच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटलं.

दुपारी १२. पंधराही डब्यात सोडल्या. छत्तीस. आता मी खोटं बोललेलो नाही.

३१ मे, सकाळी ६.३०

लिहवत नाही.

सकाळी ८

लिहितो. एका घरच्या मुंग्या दुसऱ्या घरच्यांना ओळखतात, म्हणजे ओळखत नाहीत. काल दुपारपासून लढाई. डब्यात पाय, डोकी, अर्ध्या मुंग्या. आठ उरल्या. त्यांतल्या आपल्या कुठल्या, पार्वतीजींच्या कुठल्या, सांगता येत नाही. मी काल चार वाजता पाहिलं होतं. मला वाटलं, ओळख करून घेत आहेत.

मेलेल्या मोजून कागदाच्या पुडीत ठेवल्या. अठ्ठावीस. कुंडीत पुरल्या. आईने विचारलं काय लावतोयस. कोथिंबीर म्हणालो.

३ जून

राणी विश्रांती घेत आहे. लढाईचा ताण.

५ जून

राणी अजून विश्रांती घेत आहे. दोघीतिघी तिला सारख्या चाटत असतात. सेवा उत्तम चालली आहे. साखरपाणी, मध, साय ठेवली. राणीने हात लावला नाही.

९ जून

आईने डाळ निवडता निवडता डब्यात डोकावलं आणि म्हणाली, अरे, ही गेली रे. मी म्हणालो, झोपली आहे. आई म्हणाली, पाय वर करून? मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, असेल, झोपली असेल. आई असं बोलली की फार वाईट वाटतं. ओरडली असती तर बरं.

११ जून, रविवार

फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलो. सकाळी एकदा झालेली होती.

१४ जून

संपदाला काय सांगायचं, त्याचे तीन मसुदे केले. पहिल्यात उकाडा, दुसऱ्यात वीज खातं, तिसऱ्यात मी. तिसरा सर्वांत लहान झाला. अक्षर मात्र त्यातच चांगलं आलं आहे.

१७ जून

चार. राणी विश्रांती घेत आहे.

१८ जून, रविवार, संध्याकाळ

संपदा आली. सॅक न उतरवताच डब्याकडे गेली. कागद उचलला, एकदाच पाहिलं, आणि विचारलं, कधी गेली?

तिसरा मसुदा खिशात होता. काढला नाही. रजिस्टर दिलं. सहाशे अकरा निरीक्षणं, एकही रकाना रिकामा नाही. ती पानं उलटत राहिली. मग म्हणाली, दादा, एवढ्या वेळा कागद उचललास? मी हो म्हणालो. ती म्हणाली, राणी घाबरली की स्वतःची अंडी खाते. म्हणून तर पहिलीच सूचना ती होती.

आमरस, फवारा, पंधरा, छत्तीस, सगळं सांगितलं. ती रडली नाही. सॅकमधून भिंग काढलं. माझ्यासाठी आणलेलं, पुण्याहून. टेबलावर ठेवलं.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. आई-बाबा असताना मला का दिलंस? ती म्हणाली, आईने रोज पुसून काढलं असतं. बाबांनी येईल त्याला उघडून दाखवलं असतं. तू कुठलीही गोष्ट घेतलीस की चार दिवसांत विसरतोस. मला वाटलं होतं, ही पण विसरशील.

रागावून म्हणाली नाही. अगदी सहज.

म्हणजे काहीही न करणं एवढं एकच काम होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी नेटाने केलं.

उरलेल्या चौघी संपदा सांभाळणार आहे. राणी नसली की फार दिवस राहत नाहीत म्हणे. नळीवरचा कागद तिने नीट सारखा केला आणि डबा कपाटात ठेवला. किल्ली लावली नाही. मीच म्हणालो, लाव.

मग खाली गेलो. पार्वतीजींना पंधरांचं सांगितलं. त्यांनी आट्याचा डबा पुढे केला. मूठभर आटा घेतला, साखर मिसळली, वारुळापाशी टाकला आणि लगेच निघालो. जिन्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

जिन्यावरून पाहिलं. मोजल्या नाहीत. दोनशे चौदा असतील.