न दिसलेलं वेटोळं

४ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

आजी नावाची एक बाई अजून जिवंत आहे, हे तुझ्या स्मरणात राहिलं नसेल म्हणून कळवते. परवा फोनवर नुसती मुसमुसलीस, सर सर म्हणालीस नि ठेवून दिलास. काय केलं त्या मेल्याने? सविस्तर लिही. हे तुझी आई लिहून घेते आहे. माझ्या शिव्या ती गाळते, त्या भेटीत देईन.

तुझी आजी

११ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पेशीच्या अंगावर बाहेरचे निरोप झेलणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. निरोप जिथे येऊन बसतो, त्या भागाची घडी मी शोधली. त्याचे स्फटिक वाढवले, त्यांच्यावर क्ष-किरण सोडले नि उमटलेल्या ठिपक्यांवरून प्रथिनाची साखळी जुळवली. सगळं लख्ख दिसलं. फक्त साखळीचं कडेचं एक वेटोळं सतत हलत असतं, ते उमटलंच नाही. ती जागा मी रिकामी सोडली.

सरांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिथे सुबक वेटोळं बसवलं! औषध त्यालाच चिकटणार, असं ते सभांतून सांगून बसलेत. भोक असलेलं चित्र छापलं तर लोक हसतील म्हणाले. या शोधाच्या लेखावर पहिलं नाव माझं आहे. गप्प राहिले तर नोकरी पक्की. पण त्या चित्रावर विसंबून कुणी औषध बनवायला घेतलं तर?

माया आहेच, थोडं धैर्यही पाठव.

तुझी भिंगरी

१८ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

धैर्य कसलं मागतेस, इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे! दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणायला त्याची जीभ झडते का? तुझ्या आत्याला स्थळ आलं, तेव्हा फोटोवाल्याने जावईबापूंच्या टकलावर केस रंगवले होते. टक्कल तिने हसत पत्करलं असतं, त्या केसांपायी मात्र अजून धुसफुसते. तुझी आई म्हणते, हे लिहायला नको. लिही म्हटलं, गावाला ठाऊक आहे. आता हा दीडशहाणा आजारी माणसांच्या औषधात केस रंगवणार? नाव काढून घे, नि सगळ्यांदेखत.

रागावले ती त्याच्यावर, तुझ्यावर नाही.

आजी

२ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

सगळ्यांदेखत म्हणाले, वेटोळं राहणार असेल तर माझं नाव नको. सरांनी नाव काढलं, वेटोळं ठेवलं. मग लेख तपासणाऱ्यांना मी सगळं कळवलं. छपाई थांबली आहे. मला महिनाअखेर नोकरी सोडायला सांगितलं आहे.

भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस,
अ. आ.

खरं बोलणारी दाराबाहेर नि वेटोळंवाला खुर्चीत! वा रे न्याय! तुझी खोली झाडून ठेवली आहे. कुणी विचारलं तर नोकरी गेली असंच सांग, का गेली तेही सांग, मान वर करून.

तुझीच, आजी

ता. क. राग आला की मला भूक लागते. येण्याआधी खजूर पाठव, बिया काढलेला. बिया थुंकत बसले तर शिव्या राहून जातात.