आधी कम्फर्ट, मग सावनेर

७ सप्टेंबर, रविवार

गाडी आली. मोटरसायकल, क्रूझर. काळी, लांब, ऐसपैस. शोरूमचा माणूस मनीषनगरपर्यंत चालवत घेऊन आला आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लावून गेला. मी त्याच्यामागे ऑटोने. नव्या गाडीचा आवाज बाहेरून कसा येतो, हे मालकाला माहीत हवं.

लगेच सावनेरला फोन केला. गणपतराव, म्हणजे माझ्या बायकोचे, गोपिकाचे थोरले भाऊ. सांगितलं, यंदा भाऊबीजेला तुमची बहीण एस.टी.त लटकून येणार नाही, माझ्या गाडीवर बसून येईल. गेल्या वर्षी बिचारी ओवाळायचं ताट पोटाशी धरून अख्खा रस्ता उभी होती. उतरल्यावर डोळे पुसले, मला दिसलं. गणपतराव खूश. म्हणाले, गुडघ्यापायी माह्यानं तिकडं येणं होत नाही जी भाऊजी, तुमीच या, मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसतो.

शब्द दिला. आपण शब्दाचे पक्के.

८ सप्टेंबर

आज चालवणार होतो. पण आभाळ भरून आलं. आलं नव्हतं, पण येऊ शकलं असतं.

१० सप्टेंबर, सकाळ

चालवली! गेटपासून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. परत येताना ढकलत आणली.

तोंडाला कोरड. छाती अशी धडधडली की इंजिन कोणतं आणि मी कोणता, कळेना. घरी येऊन दोन ग्लास पाणी प्यायलो आणि शांतपणे कारण शोधलं. सीट! कंपनीची सीट कडक आहे. कडक सीटवर कोणाचीही छाती धडधडेल.

संकल्प: आधी गाडी आरामदायी करून घेणे. आधी कम्फर्ट, मग सावनेर.

१४ सप्टेंबर, रविवार

गॅरेजवाला सौरव घरीच येऊन पाहून गेला. सीट खाली करू, जेलची गादी टाकू, हँडल उंच करून मागे ओढू, फूटरेस्ट सरकवू, असं बरंच म्हणाला. मला अंकल म्हणतो. ते सोडलं तर हुशार आहे.

गाडी चालू करून म्हणतो, अंकल, बसा ना, माप घेऊन राहिलो. चालू गाडीवर! मी म्हणालो, मला लांबून एकूण बॅलन्स बघायचाय. गोपिकाला खाली बोलावून बसवलं. पदर खोचून बसली. सौरवने तिचे हात, कोपर, गुडघे सगळं मापलं. मी खांबामागून नीट लक्ष ठेवलं. शेवटी कोपर म्हणजे कोपर, माणसागणिक काय फरक पडतो?

१७ सप्टेंबर

दुपारी जेवून जरा डोळा लागला. स्वप्नात सावनेर रोड. मागून कोळशाचा ट्रक, पुढून कोळशाचा ट्रक, मधे मी, आणि ब्रेकच्या जागी पोळपाट. ओरडत उठलो. गोपिकाने विचारलं, काहून ओरडले? म्हणालो, गॅस झालाय.

स्वप्नाचा अर्थ उघड आहे. समोर काच हवी. विंडशील्ड. इंजिनला गार्ड पण. आणि मोठा हॉर्न.

२४ सप्टेंबर

सीट आणि हँडल बसवून झालं. ट्रायलला पुन्हा गोपिकाच. माझी कंबर आखडली होती. सौरव म्हणाला, आंटीले एकदम फिट बसली. गोपिका लाजली. लग्नाआधी गणपतरावांची मोटरसायकल शेतातून पळवायची, असं सांगते. माहेरच्या गोष्टींतलं अर्धं वजा करायचं असतं. आता तिची मोपेड बरी आणि ती बरी.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा. झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू. सगळी बिल्डिंग खाली उतरलेली. दुसऱ्या मजल्यावरचे आनंदराव म्हणाले, हाना आता किक, चिरडा लिंबू! मी सांगितलं, गाडीला किक नसते, बटन असतं. आणि पूजेनंतर लगेच इंजिन तापवू नये. असं शास्त्र आहे.

ढकलली. लिंबू सटकलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा सटकलं. मुलं हसायला लागली. मला दरदरून घाम. गोपिकाने लिंबू उचलून चाकाखाली नीट ठेवलं, गाडीवर बसली, बटन दाबलं. फच्! टाळ्या पडल्या.

पूजेला घरच्या लक्ष्मीचा हात लागला की चांगलंच.

९ ऑक्टोबर

पेट्रोल कमी होतंय. मी गाडीला हात लावत नाही, तरी काटा खाली. नक्की गळती. सौरवला बोलावलं. तो टाकी बघायच्या आधी गोपिकाकडे बघून हसला. ती वर चहा टाकायला गेली. सौरवचं निदान: अंकल, गर्मीनं उडून राहिलं.

नव्या साइडबॅगेत कोथिंबिरीची जुडी सापडली. कोणीतरी चुकून टाकली असावी. आजकाल लोक कुठेही काहीही ठेवतात.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

शेवटचं काम: मागच्या सीटला बॅकरेस्ट. गोपिकाला टेकायला. हे मात्र मी स्वतः तपासलं. गाडी बंद, स्टँडवर, भिंतीला लागून. मागे बसलो, टेकलो, दोन्ही बाजूच्या दांड्या धरल्या. काय सांगू! छाती गप्प. सौरवला म्हणालो, बस्स, माझ्या पाठीच्या मापाने गादी शिव. आता एकही उणीव राहिली नाही.

राहिली असती तर बरं झालं असतं. भाऊबीज पाच दिवसांवर आली.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज पुढे बसलो. इलाज नव्हता.

गुडघे हँडलला लागतात! कोपर बरगड्यांत शिरतात! उंट तीनचाकीवर बसवल्यासारखा मी. सौरवला फोनवर फैलावर घेतलं. तो म्हणतो, अंकल, माप तर आंटीचं होतं ना, तुमीच तर त्यायले बसवलं.

फसवणूक. धडधडीत फसवणूक. पण खरं लिहायचं तर फोन ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं, की जिन्यात उभा राहून शीळ घातली.

गोपिकाला सांगितलं, टेक्निकल फॉल्ट आहे, उद्या एस.टी.ने जाऊ. ती चकल्यांचा डबा भरत होती. हात थांबला. म्हणाली, म्हणजे यंदाही उभीच जाऊ का मी? मी डब्याचं झाकण शोधू लागलो. मग खाली बघतच म्हणाली, अहो, तुमाले भेव लागते हे मले दूधवाल्याच्या दिवशीच समजलं. ढकलत आणली ना तुमी. सांगायले काय झालं होतं?

भेव? मला?

लागतं. गाडीचं लागतं, ट्रकचं लागतं, मागे गोपिका बसलेली असताना पडलो तर, याचं तर फारच लागतं. पण हे मी तिला म्हणालो नाही. म्हणालो, विंडशील्डचा कोन चुकलाय.

तिने मोपेडचं जुनं हेल्मेट पुसून दाराशी ठेवलं. किल्ली मागितली. मी दिली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. सावनेर

पोहोचलो. मागे बसून.

गोपिकाने पंजाबी ड्रेस घातला, नवी साडी साइडबॅगेत. ओवाळायचं ताट फडक्यात बांधून माझ्या मांडीवर. वर्धा रोडच्या पुलावर डोळे मिटले ते कोराडीला उघडले. उघडले तर शेजारी कोळशाचा ट्रक. पुन्हा मिटले. एका हाताने ताट, एका हाताने दांडी, तोंडाने मारुतीस्तोत्र. गोपिका ओरडून म्हणाली, मोठ्यानं म्हणा, मलेही ऐकू येऊ द्या. म्हटलं. दोघांनी म्हटलं. पाटणसावंगीपर्यंत आवाज थोडा कमी कापत होता.

गणपतराव फाटकापाशी खुर्चीवर होते. गुडघा धरत उठले, बहिणीच्या पाठीवर थाप मारली, विचारलं, काय अॅव्हरेज देते वं? मग माझ्याकडे वळून हळूच, भाऊजी, उतरता येते ना? येत नव्हतं. पाय झोपले होते. त्यांनीच हात दिला. ताट मात्र सरळ होतं, कुंकूसुद्धा सांडलं नव्हतं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

गोपिकाने ओवाळलं. ओवाळणीत दर वर्षी साडी असते. यंदा हेल्मेट. लाल, तिच्या मापाचं, बरोब्बर बसलं. केव्हा आणलं, म्हणून विचारलं. गणपतराव म्हणाले, तुमचा फोन आला ना जी, त्याच हप्त्यात.

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आनंदरावांनाही असणार. मी सोडून सगळ्यांना.

गोपिका फाटकापाशी हॉर्न वाजवते आहे. मोठा हॉर्न, मीच बसवलेला. ताट रिकामं झालंय, ते साइडबॅगेत मावेल. परतीला दोन्ही हातांनी धरता येईल.