एकदाच विचारणारी माणसं

आई, ऑस्ट्रेलियात कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरूनच आलंय. तू गेलीस तेव्हा तुझा नातू शाळेत होता. आता तो तिकडच्या एका आडगावात बायकोबरोबर घर करून राहतो, आणि यंदा त्याने मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. परत येऊन मला बरेच दिवस झाले. मुलुंडला आमच्या सोसायटीत जी भेटते ती विचारते, कसं होतं? मी म्हणते, छान होतं. त्यांना खरं सांगून काय करायचंय? तुला सांगते. भिकार होतं.

देश भिकार नव्हे, उगाच खोटं कशाला बोलू. हवा स्वच्छ, रस्ते गुळगुळीत, आकाश एवढं मोठं की आपल्यालाच लाजल्यासारखं होतं. मी बोलतेय ते त्यांच्या खाण्याबद्दल, आणि त्याहून जास्त त्या खाण्याच्या कौतुकाबद्दल. तुझ्या नातवाला तिकडे एक वेड लागलंय. शनिवार उजाडला की गाडी काढायची आणि कुठल्यातरी गावातली नावाजलेली बेकरी, नाहीतर कॅफे, नाहीतर पब गाठायचा. गाव म्हणजे काय, तर एक भलामोठा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पडव्या, एक पोस्ट, एक चर्च, आणि माणूस औषधालाही नाही. तासन्‌तास मेंढ्या बघत जायचं आणि उतरल्याबरोबर रांगेत उभं राहायचं. पहिल्याच शनिवारी तो म्हणाला, "आई, इथला पाय खाऊन बघ. लोक कुठून कुठून येतात याच्यासाठी." मी म्हटलं, चला, निदान पाया सूप तरी मिळेल. तर हा पाय इंग्रजी निघाला, समोर आली एक वाटीएवढी मैद्याची डबी, आत मेंढीच्या खिम्याचा तपकिरी चिखल. मिठाखेरीज दुसरी चव नाही. वरून टोमॅटो सॉस पिळायचा, म्हणजे झाला त्यांचा मसाला.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"गरम आहे," मी म्हटलं. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतंच ना.

मग लॅमिंग्टन. केकचा चौकोनी तुकडा चॉकलेटात बुडवायचा आणि सुक्या खोबऱ्यात लोळवायचा. मालवणच्या बाईच्या मुलीला सुकं खोबरं दाखवून वर विचारतात, कधी खाल्लंयस का असं! मग व्हॅनिला स्लाइस, ज्याला म्हणे बक्षीस मिळालं होतं आणि त्याचा कागद काचेवर चिकटवूनही ठेवला होता. दोन खाऱ्यांच्या मध्ये पिवळं कस्टर्ड थापलेलं. जोगेश्वरीला आपल्या खोलीखाली सायकलवरून यायचा त्या खारीवाल्याच्या डब्याच्या तळाशी जो भुगा उरायचा ना, तो याच्यापेक्षा बरा लागायचा. आणि एवढं कौतुक असलेली दुकानं दुपारी दोनला शेगडी बंद करतात. भूक लागण्याची वेळसुद्धा यांनी ठरवून दिलेली.

त्या बेकरीतल्या बाईचं सांगायचं राहिलं. माझ्याच वयाची, पिठाने माखलेला एप्रन, तोंडभर हसू. ओळख ना पाळख, मला 'लव्ह' म्हणाली. भट्टीतून नुकतेच स्कोन, म्हणजे त्यांचे ते जाडसर गोल पाव, निघालेले, लोण्याचा वास सुटलेला, आणि तो वास मात्र खरंच चांगला होता. तिने विचारलं, चहा घेणार का, आणि बरोबर एक स्कोन? मी हसून मान हलवली, नो नो, थँक्यू. "नो वरीज," ती म्हणाली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. संपलं. मी तशीच उभी, चेहऱ्यावर ते हसू घेऊन, तिच्या पुढच्या विचारण्याची वाट बघत. बाहेर पडवीत कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं भरून ठेवलं होतं. कुत्र्याला न विचारता पाणी, आणि मला विचारायचं तेही एकदाच! गाडीत बसल्यावर मी तुझ्या नातवाला म्हटलं, "काय बाई आहे, आग्रह म्हणून नाही." तो हसायला लागला. "अगं, तुला हवा होता का? मग हो म्हणायचं ना! इकडे नको म्हणजे नको. परत विचारलं तर जबरदस्ती वाटते गं."

जबरदस्ती. ऐकलंस? आग्रहाला तिकडे हे नाव आहे.

आणि मला आठवतो तो जोगेश्वरीचा दिवस. मी परकर-पोलक्यातली. शेजारच्या खोलीत दिवाळीचं तळण चाललंय, तू मला चाळण मागायला पाठवलंयस आणि माझ्या मागोमाग तूही आलीयस. काकूंनी नुसतं म्हटलं, करंजी खातेस का गं? मी म्हटलं, हो. एवढंच. काकू कौतुकाने हसल्या, पण तुझे डोळे मला अजून दिसतात. घरी आल्यावर तू स्टोव्हला पंप मारत होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पयल्या हाकेक होय म्हणूचा नाय. लोक हावरी म्हणतत. तिसऱ्यांदा इचारल्यानी तर वायच घेवचा." मी विचारलं, आणि तिसऱ्यांदा नाहीच विचारलं तर? तू पंप थांबवलास. "तर मगे तेंका देवचाच नव्हता," म्हणालीस. मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. देणाऱ्याच्या मनात खरंच आहे का, ते पारखून घ्यायची एवढी सोपी रीत. आयुष्यभर मी तीच वापरली, लग्नाच्या बैठकीत, सासरी, ऑफिसात. माझं कुठे अडलं नाही, कारण समोरची माणसंही आपलीच होती. त्यांनाही ठाऊक होतं, पहिलं नको धरायचं नसतं.

तुझं नको मीसुद्धा कधी धरलं नाही. बाबा गेल्यावर तू मुलुंडला आलीस, म्हणालीस दोन दिवसांसाठीच येतंय. मी म्हटलं, आई, इथेच राहा आता. "नको गो, माझा जोगेश्वरीत बरा." परत म्हटलं, तर तू पदराने उगाच ओटा पुसायला लागलीस. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, तुझी पिशवी उचलून आत नेली, आणि ती उचलताना माझ्या हाताला हिसका बसला. उघडली तर आत तुझा पितळी खलबत्ता! दोन दिवसांच्या पाहुणीने चहातलं आलं ठेचायला घरून खलबत्ता आणलेला. मी हसले, तूही हसलीस. मग तू अकरा महिने माझ्याकडेच होतीस, शेवटपर्यंत.

तर आता त्या पबचं. शेवटचा शनिवार. आपल्याकडे पब म्हणजे वाया गेलेल्यांची जागा, तिकडे आज्या नातवंडांना घेऊन जेवायला येतात. लाकडी जिना, भिंतीवर शर्यतीच्या, कधीच मेलेल्या घोड्यांचे फोटो, गालिच्याला बिअरचा कुबट वास. ताटभर कोंबडीच्या कटलेटवर सॉस आणि चीज ओतलेलं, आणि त्या डोंगराखाली बिचारी चिप्स भिजून मेलेली. त्यात त्यांचा तो लकी ड्रॉ. बक्षीस काय, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं परातभर कच्चं मटण. गावातली शहाणीसुरती माणसं हातात चिठ्ठ्या धरून त्या मटणाकडे डोळे लावून बसलेली. त्या सगळ्या कालव्यात तुझा नातू काटा खाली ठेवतो आणि म्हणतो, "आई, तू इकडेच राहतेस का? मागे एक खोली बांधून घेऊ. आम्ही दोघांनी बोलून ठेवलंय."

मी म्हटलं, "नको रे बाबा. माझं मुलुंड बरं."

माझ्या तोंडून तूच बोललीस, आई. मला सगळं माहीत होतं. तिकडे परत विचारत नाहीत हे त्याने मला समजावूनही सांगितलं होतं. तरी जीभ तुझीच निघाली. त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं. मी ओटा नव्हता म्हणून टेबल पुसायला लागले. हा माझा मुलगा, मुलुंडला वाढलेला, चार घरांत आग्रहाचे लाडू खाल्लेला. मला वाटलं, आता म्हणेल, अगं असं काय करतेस. "ओके," तो म्हणाला. "नो वरीज, आई. तुझी मर्जी." तेवढ्यात नंबर पुकारला, आणि तो आमचाच निघाला. तो उठून मटण आणायला गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बाथरूममध्ये जाऊन मात्र मी रडले, आणि त्या पबचा, त्या पायचा, त्या अख्ख्या खंडाचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

तो चुकला असं मला म्हणता येत नाही, हेच जास्त लागतं. त्याने माझा मान ठेवला. परवा फोनवर विचारलं, आई, तुला काही हवंय का? मी म्हटलं, नको. तो म्हणाला, ओके. आता तुझ्या रीतीप्रमाणे त्याला द्यायचंच नव्हतं असं धरू का? तसं धरवत नाही गं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहून टाकते. जाताना त्याला फोनवर बजावून सांगितलं होतं, तीन महिन्यांसाठीच येतेय हं. तिकडच्या विमानतळावर त्यांनी माझी बॅग उघडली, मेतकूट हुंगलं, आणि साड्यांच्या खालून एक जड पुरचुंडी काढून विचारलं, हे काय आहे? तुझा खलबत्ता होता, आई. तो परत आलाय, पण ओट्यावर मांडलेला नाही. बॅगेतच आहे अजून.