आईच्या हातचं पाणी

१६ नोव्हेंबर, रविवार
मिरचीची रोपं परत कुजून गेली. सौ.ने ट्रे उपडा करून दाखवला. मुळं काळी पडलेली, कुजका वास. ट्रे धुऊन भिंतीला उभा करून ठेवला. तिचं पॉलिहाऊस म्हणजे बांबू आणि प्लास्टिकचा कागद, पण जीव आहे तिचा त्यात.
दुपारी मागच्या दारात बसून पाहिलं. आई टाकीतून बादली भरते, आत जाते, ट्रेवर तांब्या तांब्या घालते, पदराला हात पुसते, ओट्यावर येऊन बसते. थोड्या वेळानं उठते. "आज पाणीच न्हाई घातलं बाई झाडांना." परत बादली.
म्हटलं, आई, आत्ताच घातलंस.
तिनं वाकून मातीला बोट लावलं. "व्हय की. वल्ली हाय." मग वर आभाळाकडे बघितलं. "पाऊस येऊन गेला?"

१९ नोव्हेंबर
अर्धी रजा. आईला घेऊन तळेगावला डॉक्टरांकडे. मुलं किती, विचारलं तिला. म्हणाली, "हायत की. देवाच्या दयेनं सगळी हायत." डॉक्टर हसले. मी पण हसलो. बाहेर आल्यावर मला एकट्याला म्हणाले, हे आता मागे फिरणार नाही. गोळ्यांनी थोडं सावकाश होईल. पडू मात्र देऊ नका.
येताना गाडीवर मागे बसून माझा शर्ट घट्ट धरला होता. लहान मूल धरतं तसा.

२३ नोव्हेंबर, रविवार
पडलीच. पॉलिहाऊसच्या दारात चिखल झालेला, पाय सरकला. कंबर वाचली, मनगट सुजलं. सौ.ने हळद गरम करून लावली. आईला पडल्याचं आठवत नाही. हळदीचा हात बघून विचारते, "कुणाचं लगीन हाय?"
सौ. म्हणाली, "रोपं गेली तर परत टाकीन हो. आत्याबाईंचं हाड मोडलं तर काय करायचं?"
मी कंपनीत पहिल्या पाळीला, ती अंगणवाडीत एक वाजेपर्यंत. सकाळभर आई एकटी. बागेचं पाणी तिच्या हातून काढायला हवं. कामशेतच्या ठिबकवाल्या सचिनला बोलावलं आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
आज ठिबक बसलं. टाकीला फिल्टर, त्याला टायमर, तिथून काळी नळी. गुलाब, जास्वंद, मोगरा, पपई, प्रत्येकाच्या बुडाशी एक थेंबाची तोटी. पॉलिहाऊसमध्ये वरून बारीक फवारे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आपोआप चालू, आपोआप बंद. सचिन हुशार आहे, तोंड मात्र बंद होत नाही. "भाऊ, आता वहिनींना घेऊन बिनघोर काशीला जा. बाग तुमची आठवणसुद्धा काढणार नाही."
आई त्याच्या मागे मागे. "हे सलाईन कुणाला लावलंय रं?"
"झाडांना, आजी."
"आजारी हायत?"
"नाय ओ आजी, ठणठणीत हायत."
तिला ते पटलं नाही. गुलाबाच्या पानाला हाताची मागची बाजू लावून बघितली. ताप बघतात तशी. मग दुसऱ्या झाडाला. सगळ्या झाडांना. सचिन पाने-पक्कड गोळा करून गेला.

१ डिसेंबर
टाकीच्या झाकणाला कडी घातली. बादली आणि तांब्या माळ्यावर टाकला. सौ.ला सांगितलं नाही. वाटलं, डोळ्यांसमोर नसलं की विसरेल. बाकी सगळं विसरते.

८ डिसेंबर
बाग टवटवीत. नव्या मिरचीला चार पानं. कामावरून आलो की फवारा चालू असतो, आत धुक्यासारखं होतं, बरं वाटतं बघायला. खरंच बरं वाटतं.
आई दिवसभर बादली शोधते. बाजेखाली, चुलीमागे, देव्हाऱ्यात. सौ. सांगते, आत्याबाई, पाणी मशीन घालतंय. ती हो म्हणते. परत शोधते.

१२ डिसेंबर
आज म्हणाली, "ह्या बाईनं नेली माझी बादली." बोट सौ.कडे.
सौ. भाकरी थापत होती. थापत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी येत नव्हती, आईनंच शिकवली. जेवताना म्हणाली, "नाव विसरल्या असतील." मी म्हटलं, हो, नावच.
बादली मी नेली, हे सौ.ला सांगितलं तेव्हा म्हणाली, "मग इतके दिवस माझ्यावर कशाला येऊ दिलंत?"


१५ डिसेंबर
कामावर सौ.चा फोन. आई घरात नाही.
कंपनीच्या गेटपासून घरापर्यंत नामस्मरण करत आलो, पण ते नामस्मरण नव्हतं. नुसती भीती होती.
सापडली. आमचं खालचं भाताचं खाचर होतं त्या बाजूला. आता तिथं मुंबईवाल्यांचा बंगला. त्याच्या लोखंडी गेटाशी उभी, हातात देवाचा छोटा तांब्या. आत लॉनवर पाणी उडत होतं. वॉचमन ओळखीचा, खुर्ची देत होता, ती बसेना.
"आजी म्हणतात, आत भात हाय आमचा."
मी म्हटलं, आई, चल घरी.
"आरं खाचर सुकलंय. ह्यांनी बांधच घातला न्हाई. पाणी वर उडवत्यात नुस्तं, खुळ्यावानी."
वॉचमन हसला. मला हसू आलं नाही. धरून आणली. सारखी मागे वळून बघत होती.

१६ डिसेंबर
टाकीची कडी काढली. बादली काढून दिली. तांब्या पण. घट्ट छातीशी धरला.
आता पाणी कुठं घालू द्यायचं? झाडांना घातलं की परत चिखल, परत कूज. विचार केला, न्हाणीच्या मागे अळू आहे. अळूला पाणी कधी जास्त होत नाही. तिथं फरशीचे तुकडे टाकून वाट केली, घसरायला नको. आईला नेऊन म्हटलं, हे तुझं. घाल किती घालायचं ते.
तिनं अळूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मोरीच्या अळूला कुणी पाणी घालतं व्हय? बिनकामाचं लावतोस मला?"
माझं नाव दोन दिवस तिच्या तोंडी नाही. पण हे कळतं तिला. आयुष्यभर शेती केली, खोटं काम लगेच ओळखलं.

२१ डिसेंबर, रविवार
माझी थोरली बहीण अक्का आली वडिवळ्याहून. आल्या आल्या बाग बघितली, नळ्या बघितल्या. "दत्ता, झाडांची सोय केलीस रं. आईची काय केलीस?"
सौ. म्हणाली, "अक्का, पडल्या होत्या त्या."
"पडली आसंल. पण ती अशी भिताडाला टेकून कधी बसली हुती का गं? आं? मी जल्मात न्हाई बघितली."
चहा झाला. मग अक्का पदर तोंडाला लावून बसली. आईनं तिला विचारलं होतं, "कुनाची गं तू?" ती म्हणाली, तुझीच. आई म्हणाली, "आसं का. बस, जेवून जा."
जाताना अक्काला म्हटलं, पुढल्या वेळी येताना पसाभर भाताचं बी आण.
"आत्ता? थंडीत?"
आण म्हटलं.

२८ डिसेंबर
न्हाणीच्या पलीकडे खणलं. दोन बाजा मावतील एवढी जागा, गुडघ्याच्या खाली खोल. तळाला पॉलिहाऊसचा जुना कागद, वर माती, शेण. कडेनं बांध. जास्त झालेलं पाणी अळूकडे जाईल अशी एक वाट. कडेला दगड, धरायला बांबू. भात पाण्यातच उभा राहतो, कितीही घाला. हे आधी सुचायला हवं होतं.
अक्कानं पाठवलेलं बी भिजत घातलं, मोड आले की एका कोपऱ्यात रोपाला टाकायचं.
आई ओट्यावरून बघत होती. "बांध कच्चा हाय. पायानं दाब." पायानं दाबला. "टाचेनं." टाचेनं दाबला.

१४ जानेवारी, संक्रांत
थंडीनं रोप उशिरा वर आलं, पण आलं. पोपटी. आई सकाळी उठली की आधी तिकडे. बादली जड होते म्हणून अर्धीच भरते, फेऱ्या जास्त होतात. कुणी काही म्हणत नाही. सौ.नं तिळाची वडी हातावर ठेवली, तिनं अर्धी मोडून सौ.च्या तोंडात घातली. "खा गं. दिवसभर राबतीस."
नाव नाही आठवलं. पण 'ही बाई' म्हणाली नाही. सौ. आत जाऊन खूप वेळ भांडी आवरत होती.

२५ जानेवारी, रविवार
लावणी. दोन बाजांएवढ्या खाचराची लावणी ती काय. पण आईनं साडी खोचली, मनगट दुखतं तरी वाकली. मी तिच्या कमरेला धरून. अंगठा आणि दोन बोटांत रोप धरून चिखलात असं ठेवते की हात दिसत नाही. ओळ सरळ. माझी वाकडी. म्हणाली, "तुजा बा बी आसाच लावायचा. वाकडं."
मी कोण हे त्या क्षणी तिला माहीत होतं. नक्की होतं.

३ फेब्रुवारी
रोज सकाळी हरिपाठ म्हणतो. तेच शब्द, तोच क्रम. आज मधेच थांबलो. बाहेर आई चौथ्यांदा पाणी घालत होती. देवाला आपण आयुष्यभर तेच तेच सांगतो. तो कधी म्हणत नाही, आत्ताच तर म्हणालास. मी मात्र पहिल्याच दिवशी म्हणालो.

१७ फेब्रुवारी
हे लक्षात आलं नव्हतं. भात दिसतोय म्हणजे तिच्या मते पावसाळा. पावसाळा म्हणजे वडील शेतात. दुपारी भाकर-कालवण फडक्यात बांधून बसते. "आजून आलं न्हाईत. औत सोडायची येळ झाली."
वडील जाऊन बारा वर्षं झाली. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. तिला तेव्हाच कळल्यासारखी रडली. नवी रडली. दुसऱ्या दिवशी परत भाकर बांधली. परत सांगणं झालं नाही माझ्याच्यानं. म्हटलं, वडिवळ्याला गेलेत, अक्काकडे.
"मला न सांगता?" थोडी रागावली. बरी रागावली.
भात दिला तो बरा केला की वाईट, कळत नाही. काम परत मिळालं, पण ते काम ज्या जुन्या दिवसांतलं, तिथंच ती गेली. इथं कमी असते.

२ मार्च
ऊन वाढलं. सचिन येऊन टायमरची वेळ वाढवून गेला. खाचर बघून म्हणाला, "भाऊ, हे काय नवीन?"
"आईचं आहे."
"ह्याला पण एक नळी टाकू? आहे शिल्लक माझ्याकडं."
नको म्हटलं.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. आईला ताप. कालपासून खाचराकडे गेली नाही. विचारलंही नाही. मी कामावर जायच्या आधी बादल्या टाकतो, आल्यावर टाकतो. उन्हानं दुपारपर्यंत माती दिसायला लागते. भात फुटवे धरून दाट झाला आहे, पाणी ओढतो.

२७ मार्च
ताप उतरला, ती उठली नाही. बाज ओसरीत आणली, तिथून खाचर दिसतं. तोंड तिकडे करून ठेवली. ती भिंतीकडे वळते.
बादली बाजेजवळ ठेवली होती. सौ.ला म्हणाली, "ही कुणाची गं? ज्याची त्याला दे."

५ एप्रिल, रविवार
भात पोटरीत आला. दांडा फुगला आहे, आत लोंबी आहे, हाताला लागते. आता एक दिवस पाणी तुटलं तर पोचट होणार सगळं. उद्यापासून आठवडाभर मला दोन पाळ्या, माणूस नाही कंपनीत. सौ. अंगणवाडीतून येईस्तोवर खाचर तापणार, आणि तिला आता आईचं सगळं करायचं असतं.
सौ. चहा घेऊन आली. खूप हळू म्हणाली, "अहो, तिथवर नळी ओढली की झालं. सचिन अर्ध्या तासात करील."
खरं आहे. अर्धा तास सुद्धा लागणार नाही.
म्हटलं, बघू.
"बघू काय? आत्याबाईंनी लावलेलं आहे ते. वाळू द्यायचं का?"
"वाळू नाही द्यायचं."
"मग?"
मग काय ते मला सांगता येईना. नळी ओढली की तिनं परत कधी पाणी घालायचं नाही, हे मीच ठरवून टाकल्यासारखं होईल. आणि ती उठलीच एखाद्या दिवशी, बादली घेऊन आली, आणि बघितलं की इथंही पाणी आधीच घातलेलं आहे, तर?
सौ. कप घेऊन उभीच होती. तिला कळलं असावं. म्हणाली, "मी अंगणवाडीत सांगून मधे येऊन जाईन. दोन दिवस. पुढं बघू."
संध्याकाळी बादल्या टाकल्या. शेवटची ओतली तेव्हा ओसरीतून आवाज आला.
"वरच्या खाचराचं सोडलं का रं पाणी?"
वरचं खाचर आता नाही. सोडलं म्हटलं.
"खालच्याचं?"
"ते पण."
"मग बस की आता. उभा का?"
बाजेच्या कडेला बसलो. तिनं माझा ओला हात हातात घेतला, पदरानं पुसला, एकेक बोट. कुणाचा म्हणून पुसला, विचारलं नाही.
सचिनचा फोन येऊन गेला होता. अजून उलट फोन केला नाही.