गाईचं नाव

१३ मार्च १८५५

आज मामांनी पुन्हा फैलावर घेतलं. कॉलेज अर्ध्यात टाकून आलास, आता निदान माझ्या होडीचा दोर तरी धर म्हणाले. धरला. खरं कारण त्यांना कसं सांगू? सेंट लुईसला मित्राकडे सुट्टी काढून कॉलेजलाच परत निघालो होतो. उतरायचा धक्का आला, आगबोट थांबली — आणि मी उतरलोच नाही! वर कठड्याशी थर्झा उभी होती, वाऱ्यानं उडू पाहणारी टोपी दोन्ही हातांनी धरून.

१५ मार्च

थर्झा व्हिटकम आणि तिचे वडील अजून इथल्याच खाणावळीत आहेत. गाडीचं चाक मोडलंय. नदीपलीकडे, कॅन्ससमध्ये, त्यांना वस्ती करायची आहे. तीसला तिथं मतदान आहे. त्या नव्या मुलखात गुलाम ठेवायचे की नाही, ते त्यावर ठरणार. आमचे मिसुरीचे लोक झुंडीनं जाऊन मतं टाकणार आणि संध्याकाळी घरी जेवायला परत! मी मामांना म्हटलं, ही चोरी आहे.

"तुझं कॉलेज कुणाच्या घामावर चाललं होतं, ते एनॉकला विचार."

एनॉक मामांचा गुलाम, होडी वल्हवतो. तिथंच उभा होता. 

१९ मार्च

धक्क्यावर गाय बांधलीय. बंदूकवाले प्रत्येक परक्याला विचारतात, हे काय आहे? आमच्याकडे गाईला म्हणतात 'काव'. उत्तरेकडचे म्हणतात 'क्याव'. क्याव म्हणणारा गुलामगिरीच्या विरोधातला — हाकला! सकाळी एका म्हाताऱ्याची पेटी नदीत भिरकावली. दोर माझ्या हातात होता. नुसता धरून उभा राहिलो.

थर्झा क्यावच म्हणते.

२१ मार्च

खाणावळीच्या मागे तिची शिकवणी घेतली. मी काव, ती क्याव. मी काव, ती क्याव. हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम थांबली. "म्हणजे आपली जीभ लपवून पलीकडे जायचं, आणि तिथं सांगायचं की माणूस विकणं पाप आहे?"

 तिचं लक्ष माझ्या कोटाकडे गेलं. काजात तागाचा झुपका होता, आमच्या बाजूची खूण, मामांनीच खोचलेली. "तो लावून माझ्याशी बोलायचं नाही."

काढला. पुन्हा लावणार नाही.

२२ मार्च

क्याव, क्याव, क्याव. दिवसभर तेच. गाय दिसली की हसू येतं.

२४ मार्च

एनॉकला विचारलं, तुला कसं कुणी विचारत नाही?

"मला कशाला विचारतील, धाकटे मालक? गाईला कुणी विचारतं का?"

मग त्यानंच सांगितलं — मतदान झालं की मामा त्याला पलीकडे घेतलेल्या जमिनीवर नेणार. त्याची बायको इथंच राहणार. मी बोलतो मामांशी, म्हटलं. त्यानं वल्हं उचललं.

२५ मार्च

बोललो. मी टेबलावर मूठ आपटली, त्यांचं ताट फुटलं. मामांनी दुसरं ताट मागवलं आणि मक्याची भाकरी मोडून खात राहिले.

२७ मार्च

चाक झालं. थर्झाला सांगितलं, मीही येतो, कायमचा. तिथंच राहीन, तिथलाच होईन.

"माझ्यासाठी येऊ नका," म्हणाली. "यायचं तर मत द्यायला या."

दोन्हीसाठी, म्हटलं. ती हसली नाही, पण जाता जाता म्हणाली — काव! अगदी आमच्यासारखं.

२९ मार्च

थर्झा वडिलांचा हात धरून पुढं झाली. काव म्हणाली. दोघं होडीत चढली. पहाऱ्यावर आज खालच्या गावचे लोक होते, मला न ओळखणारे. काजात झुपका नाही म्हणून मलाही अडवलं. मला हसूच आलं. या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेला मी! थर्झाकडे बघत तोंड उघडलं —

क्याव.

मामा शेजारीच होते. पहारेकऱ्यानं त्यांना विचारलं, हा तुमच्यातला का?

मामा म्हणाले, "नाही."

दोर सोडायचं काम माझं. आज एनॉकनं सोडला.