हात हलत नाय म्हणून

प्रिय दादा,

लिहिण्यात चुका असतील, त्या पोटात घाल. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर हातात मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीचा ब्रशच. टाइप करायला पण वेळ लागतो, एक अक्षर सापडेपर्यंत पुढचं विसरते. दोनदा फोन केला, तू पाळी करून झोपलायस वाटतं. पण आज शिफ्टला जाताना, गेटवर फोन जमा करायच्या आधी, हे सगळं वाच. फोनवर मला बोलता येणार नाय, रडू येईल, आणि तू म्हणशील काय गो, परत लागली तुझी सनई.

रविवारी तू घरी जोह्याला आलास, दिनानाथकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात माझ्या हातातला ब्रश घेतलास आणि मोठ्या मूर्तीच्या डोळ्याची रेघ एका दमात ओढलीस. काका म्हणाले, मिथुन, कंपनीत जाऊन पण हात गेला नाय रे तुझा. आईनं तुझी दृष्ट काढली. सगळी हसत व्हती. मीच तेवढी घाबरले. दादा, वर्षभर तुझा हात कापत व्हता. चहा बशीत सांडायचा. धाटावच्या कंपनीतली पोरं विचारायची ना, काय मिथुनशेठ, कालची उतरली नाय का अजून? तू आम्हाला ते हसून सांगितलंस, पण नंतर जेवला नायस. फिटच्या जुन्या गोळीनं हात थोडा कापतो, असं डॉक्टर बोलले व्हते. मग आता कापत कसा नाय? तुझ्या पिशवीत डबा ठेवताना बघितलं. दोन्ही रोज घ्यायच्या, पण नव्या गोळीचं पाकीट अर्धं रिकामं, जुनीचं भरलेलं तसंच. तेव्हाच बोलायला पायजे व्हतं, पण तू इतका खूश व्हतास. मनात म्हटलं, एक तरी घेतोय ना.

कंपनीजवळ रोह्यात कोण बघेल म्हणून तुझं सगळं औषधपाणी पेणलाच. सोमवारी जाताना तू तिथं रक्त देऊन गेलास, रिपोर्टसाठी नंबर माझा दिलास. आज मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, नव्या गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आलंय, हा गोळी चुकवतोय. बाहेर पेशंट बसलेले, म्हणून मी दार लोटून घेतलं. मग सांगितलं, ही तो रोज घेतो, जुनी सोडलीय. डॉक्टर खुर्चीत एकदम सरळ झाले. जुनी गोळी अंगात असली तर नवी लवकर बाहेर पडत नाय, रक्तात टिकते. तो हिशोब धरूनच नवीचा डोस कमी ठेवलेला. म्हणजे तू एक सोडलीस, पण दुसरीचा पण जोर गेला. आपण सफेदीत डिंक घालतो ना, तसं. डिंक नाय घातला तरी मूर्ती पांढरीच दिसते, पण बोट लावलं की सगळा रंग बोटावर.

दादा, आजपासून तुला कंपनीतल्या उंच टाकीवर चढायचंय, तूच सांगितलंस. म्हणून हे लिहिते. मागं तुला फिट आली तेव्हा तू शेताच्या बांधावरून पडलास, खाली चिखल व्हता म्हणून वाचलास. तुझे डोळे फिरलेले मी बघितलेत, ते अजून माझ्या समोरून जात नायत. तिथं खाली लोखंड हाय. आज वर चढू नको. रितेशला खरं सांग, तो तुझ्या खोलीवरचा हाय, हसणार नाय. उद्या पहिल्या गाडीनं पेणला ये, मी स्टँडवर उभी राहते. आणि घाबरून जुनी गोळी मनानं परत सुरू करू नको, मग नवी रक्तात एकदम वाढते, अंगावर वाईट पुरळ येतं, डॉक्टरांनी बजावलंय. हात कापायचं ते दुसरं काय तरी बघतील. नायतर कापू दे. रेघा मी ओढीन. वाचलंस की नुसतं व्हय लिव. मी फोन हातात धरून बसलेय.

तुझीच भित्री,
नमी

अरे हां, आपल्या मनीनं कारखान्यात पिल्लं घातली. बसायला जागा कुठली शोधली, तर गणपतीच्या उंदरांचं खोकं! काकांनी उंदीर दुसरीकडं हलवले.