दादाच्या चित्रातलं चांदणं

कर्जत, ऑक्टोबर १९९६
मंगळवार, संध्याकाळ

शनिवारी दादाचं वर्षश्राद्ध. भिंतीला लावायला चित्र काढलंय: रात्री लाईट आल्यावर कांद्याला पाणी द्यायला निघालेला दादा, हातात बॅटरी, वर टिपूर चांदणं. शाळेत पोरांना शिकवतो तसंच केलं. रात्र म्हणजे निळा रंग आणि कोपऱ्यात चंद्र. वाफ्यातलं पाणी काय चमकलं होतं! खूश होतो मी.

वहिनी चहा घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, एवढं दिसत हुतं व्हय? मग पायाखालचा साप कसा दिसला न्हाई त्यांना?"

त्या रात्री अवस होती. मला माहीत होतं. मग चंद्र कशाला काढला? दादाचा चेहरा दिसावा म्हणून? की मलाच तो अंधार नको होता?

चंद्रावर काळा रंग फिरवला. आभाळ, बांध, वाफे, सगळं काळपट केलं. दादाचा चेहराही अंधारात गेला. तेव्हा हात थांबला होता माझा. बॅटरीचा उजेड तेवढा ठेवला, पिवळट, मळका, पावलापुरता.

वहिनीने पुन्हा पाहिलं. "आता बरोबर हाय. पन दारातला बल्ब कुठंय? ते येईस्तोवर मी चालू ठेवला हुता."

मग मागे लांब, घराच्या दारात एक ठिपका दिला. अख्ख्या चित्रात कोरा पांढरा रंग तेवढाच. एवढ्या काळ्यात तो केवढा उजळ दिसतोय.

दादाची पाठ आहे त्याच्याकडे.